वाजती चप्पल

विकलेली पहिली जोडी परत आली तेव्हा खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मुलीनं वाचून दाखवली. "चलते समय आवाज़ करती है. ख़राब माल."

मी म्हटलं, "आवाज करते म्हणून तर चांगली आहे. खराब असती तर गप्प बसली असती."

"बाबा, हे मी कस्टमरला लिहू का?"

"लिही. माझं नाव घालून लिही."

तिनं लिहिलं नाही. पैसे परत केले आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. आतल्या खोलीतून तिच्या आईनं विचारलं, "काय गं, काय आलं परत?" उत्तर यायच्या आत ती स्वतःच बाहेर आली. कर्र, कर्र, कर्र. तसलाच खराब माल पायात घालून.

आमच्या कोल्हापूरकडे चप्पल वाजते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तळाच्या दोन चामड्यांमध्ये एक तुकडा असा बसवायचा, की वजन पडलं की तो घासून बोलला पाहिजे. नवरदेव, पाटील, पैलवान असली गिऱ्हाइकं मुद्दाम आवाज घालून घ्यायची. दिल्लीला हे माहीत नाही, त्याला दिल्ली तरी काय करणार. पण मी आवाज घातला होता तो पाटीलकीचा नव्हता. तो आमच्या हिच्या पायांसाठी होता, आणि सांगायचं आहे ते तेवढंच आहे.

मी चौथीत शाळा सोडली. बापानं सोडवली असं लोक म्हणतात, पण मी सोडली. घरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम. पलटणीत भरती झालो तोही मोची म्हणून. फौजेत स्वयंपाकी लागतो, न्हावी लागतो, तसा मोचीही लागतोच. बूट चावला तर जवान चालत नाही. एकदा सुभेदारसाहेबांना मी तोंडावर सांगितलं, "साहेब, बंदुका तुम्ही सांभाळा, पाय माझ्याकडे." त्यांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि संध्याकाळी स्वतःचे बूट पाठवून दिले.

शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टला होती. पेन्शन झाल्यावर सगळे गावी जाऊ म्हणतात, मी गेलो नाही. गावात लोक मला अजून जातीच्या नावानं हाक मारत होते. इथं निदान 'फौजी अंकल' म्हणायचे. सरकारी सोडतीत मयूर विहार फेज थ्रीला दोन खोल्यांचा फ्लॅट लागला, दुसऱ्या मजल्यावर. शेजारी विचारायचे, "अंकल, आर्मी में क्या थे आप?" मी सांगायचो, "मोची." ते हसायचे, त्यांना वाटायचं अंकल चेष्टा करताहेत. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायचो. मग हसायचे नाहीत.

आम्ही राहायला आलो तेव्हा नोएडाकडे बघितलं की मोहरीची शेतं दिसायची. नंतर त्यात सेक्टर उगवले. एका सेक्टरच्या बाजारात मी दुकान टाकलं. पहिली काही वर्षं बरी गेली. नव्या नव्या ऑफिसांतली पोरं बूट शिवून घ्यायला, टाचा बदलायला यायची. मग मॉल उठले, कंपन्यांच्या बुटांची दुकानं आली, आणि लोकांना बूट तुटायची वाट बघायलासुद्धा सवड राहिली नाही. जुना टाकायचा, नवा घ्यायचा. एक बाई मला म्हणाली, "भैया, इसको ठीक कराने में जितना टाइम लगेगा, उतने में तो नया आ जाएगा." मी तिला म्हटलं, "तो जाइए." अशानं दुकान चालत नाही हे मला कळत होतं. पण 'तो जाइए' शिवाय दुसरं काही तोंडातून निघत नव्हतं. दुकान मिटवलं आणि रापी, आऱ्या, फरमे, सगळी हत्यारं पोत्यात घालून घरच्या बाल्कनीत आणून ठेवलं.

तोवर हिला साखर लागून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या घ्यायची, चहात साखर घालायची नाही, लग्नाकार्यात मात्र चोरून जिलबी खायची. त्यापलीकडे आम्ही कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

एकदा ही आठवडी बाजारातून भाजी घेऊन आली. दारात पिशवी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "टमाटे महाग झालेत." मी तिच्या पायांकडे बघितलं. माझी नजर माणसाच्या पायांकडे आधी जाते, तोंडाकडे नंतर. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

मी म्हटलं, "दुसरी कुठाय?"

"दुसरी काय?"

"चप्पल."

तिनं खाली बघितलं. मग हसली. "अगं बाई. चांभाराची बायको, आणि एका पायानं अनवाणी आले की हो." बाजारापासून घरापर्यंत खडी पडलेला रस्ता, उन्हानं तापलेलं डांबर, दोन जिने. पायातली चप्पल कुठं पडली ते तिला कळलं नव्हतं. मी तिचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात एक खडा रुतून बसला होता. तो मी काढला, रक्त आलं, तरी ती टमाट्यांचंच बोलत होती.

डॉक्टरांनी पायाला दोऱ्यासारखं काहीतरी टोचून बघितलं. ही डोळे मिटून बसलेली. "बताइए, कहाँ छू रहा हूँ?" ही म्हणाली, "सुरू करा की." त्यांचं करून झालेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, नसा मेल्या आहेत. आता पायाला जपायचं. अनवाणी एक पाऊल नाही. पायाला घट्ट काही नको, बोटांना काही घासता कामा नये, रोज रात्री पाय तपासायचे. आणि त्यांनी एका खास चपलेचं नाव लिहून दिलं. ती मी विकत आणली. मऊ काळं रबर, वर जाड पट्टे. काम वाईट नव्हतं. पण ही ती बघून भिंतीकडे वळली.

"ही मी घालायची नाही."

"का?"

"आमच्या गावाबाहेर महारोग्यांची वस्ती होती. त्यांना दवाखान्यातनं अशाच मिळायच्या. लांबून चप्पल बघून आम्ही पोरी रस्ता सोडायचो." मग म्हणाली, "लोक माझा रस्ता सोडतील."

दिल्लीत कुणाला काय कळणार आहे, असं मुलीनं खूप समजावलं. पण हिच्या डोक्यात गाव होतं, दिल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं करोलबागेला गेलो, चामडं घेतलं, मऊ रबराचे तुकडे घेतले आणि बाल्कनीत बसलो.

माझा नमुना मी असा काढला. वरून बघणाऱ्याला अस्सल कोल्हापुरी दिसली पाहिजे. तीच नक्षी, तीच वेणी, तोच रंग. खाली चामड्याखाली मऊ रबर. मागे टाचेला एक पट्टा, म्हणजे बाजारात गळून पडायला नको. आणि अंगठा काढून टाकायचा. कोल्हापुरीला पायाचा अंगठा अडकवायला जी चामड्याची कडी असते, तिला आम्ही अंगठाच म्हणतो. अंगठा नसलेली कोल्हापुरी माझ्या बापानं बघितली असती तर मला घराबाहेर काढलं असतं. पण बोटांना काही घासायचं नाही म्हटल्यावर ती कडी राहून चालणार नव्हती. त्या कडीसाठी माझा जीव किती तुटला ते मला माहीत. कापली. त्या जागी रुंद पट्टा घातला, आतून मऊ मेंढीचं कातडं लावून.

तिनं घातली. उभी राहिली. पाऊल टाकायच्या आधी थांबली.

"काय झालं? टोचतंय?"

"टोचलं असतं तर बरं झालं असतं. अहो, पाय टेकला का नाही तेच समजत नाही. जिन्यात तर बघून बघून पाऊल ठेवते. हवेत चालल्यासारखं वाटतं."

त्यावर मी बराच काळ विचार केला. मग आवाज घालायचं डोक्यात आलं. सोपं नव्हतं. खाली रबर आलं की आवाज मरतो. मी टाचेखाली रबराच्या वर दोन चामडी सुटी ठेवून बघितली. तीनचार जोड्या वाया गेल्या. एक शिंकल्यासारखी वाजायची, एक गप्पच राहिली. शेवटी जमलं. पाय पूर्ण टेकला, वजन पडलं, की कर्र. अर्धवट टेकला तर नाही.

ती खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. कर्र झालं की म्हणायची, "लागला." पुन्हा कर्र. "लागला." दारापाशी पोचली तेव्हा म्हणायचं सोडून दिलं होतं, नुसती चालत होती. मग जिना उतरून खाली गेली आणि वर आली. मी बाल्कनीतून ऐकत होतो. मधल्या वळणावर जरा थांबली, मग पुन्हा सुरू. हिनं चालत राहावं एवढंच मला हवं होतं. पेन्शन येत होती, डोक्यावर छप्पर होतं. दुसरं मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई वर आल्या. "भाईसाहब, ये सारा दिन चर्र-चर्र क्या होता है?" मी म्हटलं, "मेरी बीवी चलती है." त्या म्हणाल्या, "पहले भी तो चलती थी." मी म्हटलं, "अब ठीक से चलती है." त्या बडबडत गेल्या.

विकायची कल्पना मुलीची. एकच मुलगी आम्हाला. दिल्लीत जन्मलेली, कॅन्टच्या शाळेत शिकलेली. वादी म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, ती तिला लेस म्हणते. गुडगावच्या एका कंपनीत रात्ररात्र बसून फोनवर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायची. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा घरी बसली. बसून बसून चिडचिडी झाली होती. एक दिवस आईच्या पायाकडे बघून म्हणाली, "बाबा, ये तो डिझाइन आहे यार. तुमचं ओरिजिनल डिझाइन. ऑनलाइन टाकूया."

"टाकूया म्हणजे?"

"फोटो काढायचे, साइटवर दुकान उघडायचं. भाडं नाही, शटर नाही, कुणाला 'तो जाइए' म्हणायची सोय नाही."

हे ती मुद्दाम म्हणाली.

फोटो काढले ते सकाळी, बाल्कनीत. हिला खुर्चीवर बसवलं, पाय माझ्या कामाच्या पाटावर ठेवायला लावले. ऊन छान आलं होतं. हिच्या दोन्ही पायांत जोडवी होती, लग्नातली, चांदीची, घट्ट. डाव्या पायाचं जोडवं फिरून त्याची नक्षी खाली गेली होती. मी म्हटलं, "ते जोडवं सरळ कर."

"राहू दे हो. चप्पल विकताय का माझे पाय?"

मुलगी म्हणाली, "आई, हलू नकोस ना, प्लीज." आणि फोटो काढला.

त्या फोटोखाली लोक काय काय लिहायचे ते मुलगी वाचून दाखवायची. पहिल्या आठवड्यात चपलेबद्दल कुणी फारसं विचारलं नाही, पण दोघीतिघींनी जोडवी कितीला म्हणून विचारलं. हिला इतकं हसू आलं की खोकला लागला. "सांग त्यांना," मुलीला म्हणाली, "त्याची किंमत अंकलना विचारा म्हणावं. एक अख्खा माणूस घ्यावा लागेल त्याच्याबरोबर."

ऑर्डरी येऊ लागल्या. पहिली जोडी परत आली ते सांगितलंच. तशीच आणखी एक आली. मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज काढून टाका. बस, एवढंच ऐका माझं."

"नाही."

"लोकांना नको आहे."

"मग त्यांना चप्पल नको आहे."

"तुम्ही असंच करून दुकान बंद पाडलंत."

हे खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. मी रापी खाली टाकली आणि दोन दिवस बाल्कनीत बसलो नाही. जेवायच्या वेळी ही आमच्या दोघांच्या मध्ये बसायची, दोन्हीकडे भाकरी वाढायची. शेवटी तीच म्हणाली, "अहो, विकायच्या असतील त्या गप्प करा. माझी तेवढी बोलू दे."

मी तेही ऐकलं नाही. म्हटलं, "वाजणार नाही ती माझी नव्हे. हवं तर दुसऱ्याचं नाव घालून वीक."

मग मुलीनं एक गोष्ट केली, आणि ती तिला सुचली हे मी मान्य करतो. फोटोखाली तिनं सगळं लिहून टाकलं. आईच्या पायाला जमीन कळत नाही, म्हणून बाबांनी ही चप्पल काढली, पाय टेकला की ती सांगते. ज्यांना शांत चप्पल हवी त्यांनी दुसरीकडे घ्यावी. शेवटचं वाक्य माझंच होतं, तिनं जरा गोड करून घातलं.

त्यानंतर जोड्या परत यायच्या थांबल्या. यायला लागले ते लोकांचे पाय. मी सांगून ठेवलं होतं की नुसता नंबर चालणार नाही, कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिल फिरवायची आणि त्याचा फोटो पाठवायचा. कुणाचेही दोन पाय सारखे नसतात, आणि ज्या पायाला चावलेलं कळत नाही त्याला तर अंदाजानं काही देता येत नाही. मुलगी म्हणाली, एवढा त्रास ऑनलाइनवाले घेत नाहीत. पण घेतला त्यांनी. वर्तमानपत्रावर, वहीच्या पानावर, एकानं तर कॅलेंडरच्या पाठीमागे पाय काढून पाठवला. ग्वाल्हेरच्या एका मुलानं फोनवर बोलून पाठवलं होतं. "अंकलजी, माँ दो साल बाद अपने आप गुसलखाने तक गई. हम बाहर बैठे सुनते रहे." मुलीनं ते मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी 'ठीक आहे' म्हणालो. ही आत गेली आणि तिनं साखर घालून शिरा केला, जो तिला खायचा नव्हता.

मग चोरी झाली. एका गिऱ्हाइकानंच कळवलं, तुमची चप्पल दुसऱ्या दुकानात निम्म्या भावाला मिळते आहे. मुलीनं उघडून दाखवलं. फोटो आमचाच होता. बाल्कनी आमची, पाट माझा, पाय हिचे. नमुना उचललाच होता, पण स्वतःचा फोटो काढायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. आणि खाली लिहिलं होतं, बिना आवाज़.

मी तर खवळलो. माझ्या बायकोचे पाय दुसऱ्याच्या दुकानात! ही मात्र चष्मा लावून बघत बसली. "बघा," म्हणाली, "मी दोन दोन दुकानांत बसलेय. एकाच वेळी."

"हसतेस काय? तक्रार कर," मी मुलीला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

साइटवाल्यांकडे तक्रार टाकली. त्यांचं उत्तर आलं, फोटो तुमचा आहे याचा पुरावा द्या. ज्यातून काढला त्या फोनमधला मूळ फोटो पाठवा. तो फोन मधल्या काळात बादलीत पडून गेला होता. मूळ फोटो नसेल तर, असंही त्यांनी लिहिलं होतं, त्याच पायांचा, त्याच चपलेचा दुसरा फोटो पाठवा.

"मग सोप्पं आहे," मुलगी म्हणाली. "आई, चल बाल्कनीत."

ही म्हणाली, "आज नको गं. त्या बोटाला पट्टी आहे."

डाव्या पायाचं ते बोट, जोडव्याचं. दोनेक दिवसांपूर्वी मला वास आला होता. मी रोज रात्री तिचे पाय तपासायचो, बॅटरी लावून, खाली आरसा धरून. टाच बघायचो, तळवा बघायचो, पट्टा जिथं टेकतो तिथं बघायचो, माझी चप्पल जिथं जिथं पायाला लागते तिथं तिथं. कुठंही ओरखडा नव्हता. जखम जोडव्याखाली होती. फिरून खाली गेलेल्या त्या नक्षीनं तिथं कातडी खाल्ली होती आणि तिला कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बोटांना काही घासता कामा नये. त्यासाठी मी बापजाद्यांच्या चपलेचा अंगठा कापला. जोडवं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. जोडवं ही पायात घातलेली वस्तू आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. नख असतं तसं ते होतं.

वास आला त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून मी पहिला प्रश्न विचारला, "चप्पल से हुआ?" ते म्हणाले, "चप्पल तो बढ़िया है. ये अँगूठी किसने रहने दी?" बोट सुजून जोडवं आत रुतलं होतं. त्यांनी कापायचं साधन आणायला माणूस पाठवला, तो येईना. मी म्हटलं, "मी करतो." पकड माझ्या पिशवीत होती, नेहमीच असते.

उजव्या पायाचं तिनं काढू दिलं नाही. डाव्यासाठी तोंड भिंतीकडे केलं. लग्नात तिच्या मामानं पाय धरले होते आणि सोनारानं ती घातली होती, तेव्हापासून ती निघाली नव्हती. मी पकडीचं टोक चांदीखाली सरकवलं. तिला दुखत नव्हतं, ती रडत होती ते दुसऱ्या कारणानं. कट्‌ झालं.

"तुम्ही समोर बसलाय," ती म्हणाली, "आणि हा पाय विधवेचा झाला माझा."

मी म्हटलं, "बरी झालीस की सोनाराकडून सैल करून आणू."

"आणा," ती म्हणाली.

पट्टी निघाली की फोटो काढू, असं घरात ठरलं. पट्टी रोज बदलायची, पण ती काही निघाली नाही. आधी बोट गेलं. मग डॉक्टर म्हणाले, वर चढतंय. मग घोट्याच्या वरून पाय गेला. मोठ्या दवाखान्यात, लांबच लांब व्हरांड्यात मी आणि मुलगी बसून होतो. मुलीच्या फोनवर साइटवाल्यांचा निरोप आला, पुरावा न आल्यामुळे तक्रार बंद करत आहोत. ती मला वाचून दाखवणार नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं म्हणून वाचला.

ही दवाखान्यात होती तेव्हा खालच्या पंजाबी बाई मला जिन्यात भेटल्या. "भाईसाहब, आजकल आवाज़ नहीं आती. बीबीजी गाँव गई हैं क्या?"

मी म्हटलं, "हाँ जी. गाँव गई हैं."

घरी आली ती वॉकर घेऊन. उजव्या पायासाठी मी नवी चप्पल केली, आवाज जरा मोठा ठेवला. वॉकर ठक्‌ वाजायचा, मग कर्र. ठक्‌, कर्र. न्हाणीपर्यंत जायची आणि यायची. "निम्मं काम कमी झालं तुमचं," म्हणायची. नकली पाय बसवू म्हणालो तर म्हणाली, "त्याला कुठली चप्पल घालणार? त्याला तर काहीच नको." जिना मात्र ती परत उतरली नाही. पुढच्या थंडीत, धुक्याच्या दिवसांत, तिचं काळीज थांबलं. तेव्हाच उतरली, चौघांच्या हातावर.

उजव्या पायातलं जोडवं बायकांनी काढून ठेवलं नाही, तसंच जाऊ दिलं. सवाष्ण गेली म्हणून. एकाच पायात जोडवं घालून गेली.

मुलगी दुकान बंद करू म्हणाली होती. मी नाही म्हटलं. पेन्सिलीनं काढलेले पाय अजून येतात. त्यातला एखादा एकटाच असतो. साइटवर जोडीशिवाय विकता येत नाही, म्हणून आम्ही जोडीचं खोकं पाठवतो आणि अर्धं रिकामं ठेवतो. झालेली चप्पल वाजते का हे आधी ही घालून बघायची. आता मी हातात घालतो आणि जमिनीवर दाबून बघतो.

परवा मुलगी बाल्कनीत आली. तिच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला तिनं तेव्हा तो फोटो पाठवला होता, मूळचा. तिच्याकडे तो निघाला.

"बाबा, आता प्रूफ आहे. तक्रार पुन्हा उघडता येते. त्यांना तो काढायला लावते."

"अजून आहे तिथं?"

"आहे ना. तेच दुकान. भाव आणखी कमी केलाय."

"दाखव."

तिनं दाखवला. सकाळचं ऊन, पाट, दोन पाय. मी फोन हातात घेऊन बोटांनी मोठा करून बघितला, ते मला आता येतं.

"राहू दे," मी म्हटलं.

"चोरी आहे बाबा. तुमचं डिझाइन आहे. तुम्हीच तर..."

"आपल्या दुकानातला काढून टाकलास ना तू?"

आई गेल्यावर तिनं तो काढून टाकला होता, तिला बघवत नव्हता. आता तिथं नुसत्या चपलेचा फोटो आहे, पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या.

"मग तिथला राहू दे."

ती आत गेली. मी फोन परत दिला नव्हता, म्हणून आणखी जरा बघितला. दोन्ही पाय आहेत. उजव्याचं जोडवं सरळ आहे. डाव्याचं फिरून नक्षी खाली गेलेली आहे. सरळ कर म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं.